ज्युरी निवडीचा कायदा: चाळणी नेमकी कुठे फाटली आहे?

कलमकसाई (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या ज्युरी निवडीचा विषय निघाला की चर्चा थेट 'बॅट्सन'वर जाऊन बसते. बॅट्सन विरुद्ध केंटकी (१९८६) हा वंशावरून ज्युरीतली नावं खोडायला मनाई करणारा निकाल मोठाच आहे, पण तो चाळणीच्या सगळ्यात शेवटच्या जाळीबद्दल आहे. त्याआधी तीन-चार जाळ्या लागतात आणि बरीच माणसं तिथंच गळतात. सुधारणेचा मसुदा लिहायला बसलो तर कुठल्या जाळीला हात घालायचा, यासाठी हा धागा.

क्रम असा आहे. आधी मूळ यादी. फेडरल न्यायालयांसाठी १९६८चा ज्युरी निवड व सेवा कायदा आहे. त्यानुसार नावं मतदार यादीतून किंवा प्रत्यक्ष मतदान केलेल्यांच्या यादीतून घ्यायची, आणि तेवढ्यानं समाजाचा सगळा छेद (सगळ्या थरांतली माणसं) येत नसेल तर दुसरी यादी जोडायची. ही मुख्य यादी जास्तीत जास्त चार वर्षांनी रिकामी करून पुन्हा भरायची असते. मग पात्रतेचा अर्ज: वय १८, नागरिकत्व, त्या न्यायिक जिल्ह्यात एक वर्ष वास्तव्य, इंग्रजी लिहिता-वाचता-बोलता येणं, आणि एक वर्षाहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी किंवा आरोपी नसणं (दोषी असल्यास नागरी हक्क परत मिळालेले असणं). मग समन्स. मग सुटीचे अर्ज. जे उरले ते न्यायालयात येतात, त्यांना प्रश्न विचारले जातात आणि दोन प्रकारे नावं खोडली जातात. एक, कारण दाखवून. ते न्यायाधीशाला पटलं पाहिजे, मात्र संख्येवर मर्यादा नाही. दुसरा प्रकार पेरेम्प्टरी, म्हणजे कारण न देता. फेडरल फौजदारीत देहदंडाच्या खटल्यात दोन्ही बाजूंना २०-२०, इतर गंभीर गुन्ह्यांत सरकारला ६ आणि आरोपीला १०, किरकोळ गुन्ह्यांत ३-३.

आता गळती. चार वर्षं जुनी यादी म्हणजे चार वर्षं जुने पत्ते. भाड्यानं राहणारा माणूस घर बदलतो, समन्स 'पत्त्यावर नाही' म्हणून परत येतं आणि नाव गळतं. समन्स मिळालं तरी फेडरल भत्ता दिवसाला ५० डॉलर. रोजंदारीवरचा माणूस अडचणीचा अर्ज करतो, तो मंजूरही होतो. यात कुणी कुणाला मुद्दाम वगळलेलं नाही. तरी न्यायालयात साठ माणसं येऊन बसतात तेव्हा ती बहुतेक स्वतःच्या घरात राहणारी, पगारदार आणि निवृत्त असतात. त्या साठांवर बॅट्सन कितीही काटेकोर लावा, जे आलेच नाहीत त्यांचं काय?

शंकासुर

पण 'समाजाचा रास्त छेद' हा तर घटनात्मक हक्क आहे ना? टेलर विरुद्ध लुइझियाना, १९७५. त्या राज्यात स्त्रीनं स्वतःहून लेखी नाव नोंदवल्याशिवाय तिला ज्युरीत घेत नसत, ते रद्द झालं. मग जुन्या पत्त्यांवर हाच दंडुका का चालत नाही?

कलमकसाई

कारण चारच वर्षांनी ड्युरेन विरुद्ध मिसुरी (१९७९) आलं आणि त्यानं तीन पायऱ्या घातल्या. एक, वगळलेला गट वेगळा ओळखता येणारा हवा. दोन, लोकसंख्येच्या मानानं त्याचं प्रमाण रास्त नसावं. तीन, ही तूट निवडपद्धतीतूनच, सातत्यानं आलेली असावी. सगळं घोडं तिसऱ्या पायरीवर पेंड खातं. न्यायालयं म्हणतात, माणसानं घर बदललं, समन्सला उत्तर दिलं नाही, हा त्याचा निर्णय; पद्धतीचा दोष नव्हे. म्हणून मसुद्यात पहिलं कलम हवं ते असं: टाळता येण्याजोगी तूट हीच पद्धतीचा दोष समजली जाईल, हेतू असो वा नसो.

आकडेबहाद्दर

दुसरी पायरीही वाटते तितकी सोपी नाही. तूट मोजायच्या तीन रीती आहेत आणि एकाच आकड्यावर तिन्ही वेगळं बोलतात.

समजा, एका गटाचं लोकसंख्येत प्रमाण २०% आणि वर्षभरात बोलावलेल्या १,२०० जणांत त्या गटाचे १८०, म्हणजे १५%.
निरपेक्ष तूट: २० वजा १५ = ५ अंश.
तुलनात्मक तूट: ५ भागिले २० = २५%.
प्रमाण विचलन: अपेक्षित २४०, आले १८०, फरक ६०. विचलन (योगायोगानं आकडा सहसा किती इकडेतिकडे होतो त्याचं माप) सुमारे १३.९. म्हणजे फरक ४.३ विचलनांचा. योगायोगानं असं होणं जवळजवळ अशक्य.

पण बरीच न्यायालयं पहिलीच रीत धरतात आणि १० अंशांच्या आतली तूट चालवून घेतात. याचा अर्थ काय होतो बघा: गट जर ८% असेल तर त्याचा एकही माणूस आयुष्यात ज्युरीवर आला नाही तरी निरपेक्ष तूट ८च. खटला पहिल्याच फेरीत बाद. अल्पसंख्य जितका लहान, तितकं त्याला वगळणं कायदेशीरदृष्ट्या सुरक्षित, असं हे उफराटं गणित आहे.

कास्तानेदा विरुद्ध पार्तिदा (१९७७) मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच दोन-तीन विचलनांपलीकडचा फरक संशयास्पद धरला होता. टेक्ससच्या हिडाल्गो काउंटीत मेक्सिकन-अमेरिकन ७९.१% आणि ग्रँड ज्युरीसाठी (आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणारी ज्युरी) बोलावलेल्यांत ३९%. तिथं तर यादी नव्हतीच, न्यायाधीशानं नेमलेले आयुक्त आपल्या ओळखीतून नावं सुचवायचे.

आणखी एक. एकाच खटल्याचे साठ जण घेऊन हे गणित करू नका. २०% गटाचे साठात १२ अपेक्षित, आले ५, तर फरक फक्त २.३ विचलनांचा. नमुना लहान असला की खरी तूटसुद्धा योगायोगात लपते. म्हणून वर्षाचा एकत्रित विदा हवा, आणि तो न्यायालयानं स्वतःहून प्रसिद्ध केला पाहिजे. आरोपीच्या वकिलानं अर्ज-विनंत्या करून मिळवायचा तर तोवर खटला संपतो.

गोमाजी गणेश

याद्यांच्या भानगडी काही नव्या नाहीत. जॉर्जियात एकेकाळी गोऱ्यांची नावं पांढऱ्या चिठ्ठीवर आणि काळ्यांची पिवळ्या चिठ्ठीवर छापून एकाच पेटीत टाकत, मग न्यायाधीश 'डोळे मिटून' काढत. एव्हरी खटल्यात (१९५३) साठांच्या यादीत एकही काळा निघाला नाही आणि न्यायालयानं ते उडवलं.

पण मला त्याहून बोलकं वाटतं ते कनेटिकटमधलं संगणकाचं प्रकरण (ओसोरिओ, १९९२). हार्टफर्ड शहराच्या नावातलं शेवटचं अक्षर शेजारच्या रकान्यात सरकलं. त्या रकान्यात ते अक्षर म्हणजे 'मृत'. अख्खं शहर मेलेलं! न्यू ब्रिटनची नावं तर यादीतूनच गायब. त्या भागातली बहुतांश काळी आणि हिस्पॅनिक वस्ती नेमकी या दोन शहरांत. दुष्ट माणूस एकही नाही, फक्त फाइल जुळवताना चूक, आणि कोणी तपासत नाही.

कलमकसाई

म्हणून दुसरं कलम तपासणीचं. प्रत्येक वेळी यादी भरली की पिन कोडप्रमाणे (तिकडचा झिप) किती नावं आली ते प्रौढ लोकसंख्येशी ताडून बघायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. हार्टफर्ड शून्य दिसलं असतं.

पत्त्यांचं म्हणाल तर तीन गोष्टी एकत्र केल्या तरच उपयोग. एक, यादी चार नव्हे, दर वर्षी नवी. दोन, समन्स पाठवण्याआधी टपाल खात्याच्या पत्ताबदल नोंदींशी जुळवणं. तीन, समन्स परत आलं तर त्याच्या जागी दुसरं समन्स त्याच झिपमध्ये पाठवणं. काही फेडरल जिल्हा न्यायालयं हे करतात. तिसरं सोडलं तर काय होतं? परत आलेल्यांची भरपाई अख्ख्या जिल्ह्यातून होते, म्हणजे स्थिर वस्त्यांतून. तूट भरण्याऐवजी वाढते.

शिवाय फक्त मतदार यादी पुरत नाही. वाहन परवाना, राज्य ओळखपत्र, प्राप्तिकर, बेकारभत्ता या याद्या जोडा. मात्र जोडताना दुबार नावं काढावी लागतात, नाहीतर ज्याचं नाव तीन याद्यांत त्याची संधी तिप्पट. आणि तो पुन्हा घर-गाडीवालाच असतो.

बिनपगारी

भत्त्याचं कलम विसरू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिले तीन दिवस मालकानं नेहमीचा पगार द्यायचा, चौथ्यापासून राज्य ५० डॉलर देतं, आणि 'एक दिवस किंवा एक खटला' झाला की मोकळे. सॅन फ्रान्सिस्कोनं २०२२ पासून कमी उत्पन्नाच्या ज्युररना दिवसाला १०० डॉलर देऊन पाहिले. अडचणीचा अर्ज नाकारून माणूस बसवता येतो, पण पोटाची चिंता घेऊन बसलेला ज्युरर लवकर निकाल व्हावा म्हणून मत बदलतो. तो धोका वेगळाच.

शिक्षा भोगून आलेल्यांवरची कायमची बंदी हाही त्याच जाळीचा भाग. कॅलिफोर्नियानं २०२० पासून शिक्षा पूर्ण केलेल्या बहुतेकांना परत घेतलं.

तिसरी तारीख

वरच्या जाळ्या मान्य. तरी शेवटच्या जाळीला कमी लेखू नये. तिथं जे होतं ते डोळ्यांदेखत होतं आणि तरी सिद्ध होत नाही.

स्वेन विरुद्ध अलाबामा (१९६५) मध्ये नियम असा होता की सरकारी वकील खटल्यामागून खटल्यात काळ्यांना खोडतो हे आरोपीनं सिद्ध करायचं. अशा नोंदी कुणाकडे असणार? बॅट्सननं ते एका खटल्यापुरतं आणलं. तीन टप्पे: आरोपीनं प्रथमदर्शनी संशय दाखवायचा, सरकारी वकिलानं वंशाशी संबंध नसलेलं कारण सांगायचं, मग न्यायाधीशानं ठरवायचं की हेतुपुरस्सर भेदभाव झाला का.

मोडतं ते दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याच्या सांध्यावर. पर्केट विरुद्ध एलेम (१९९५): वकिलानं सांगितलं, याचे केस लांब आणि विस्कटलेले, मिशा, बोकडदाढी. न्यायालय म्हणालं, दुसऱ्या टप्प्यावर कारण पटण्याजोगं असण्याची गरज नाही, वंशनिरपेक्ष असलं की झालं. आता तिसऱ्या टप्प्यावर न्यायाधीशानं काय म्हणायचं? 'तुम्ही खोटं बोलताय आणि मनात वर्णद्वेष आहे', रोज समोर येणाऱ्या वकिलाला. कोण म्हणेल?

जिथं सिद्ध झालं तिथं पुरावा किती लागला ते पाहा. फॉस्टर विरुद्ध चॅटमन (२०१६): सरकारी पक्षाच्या यादीत काळ्या उमेदवारांची नावं हिरव्या मार्करनं रंगवलेली. खटला १९८७चा, ते कागद हाती आले कित्येक वर्षांनी. फ्लॉवर्स विरुद्ध मिसिसिपी (२०१९): एकाच आरोपीवर सहा खटले, त्यांत ४२ पैकी ४१ काळे उमेदवार सरकारनं खोडले. सहाव्यात खोडलेल्या पाच काळ्यांना मिळून १४५ प्रश्न, आणि बसवलेल्या ११ गोऱ्यांना मिळून १२. एवढं झालं तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं आरोपीच्या बाजूनं निकाल दिला, तोही ७-२.

वॉशिंग्टन राज्याच्या २०१८च्या नियम ३७नं प्रश्नच बदलला. वकिलाच्या मनात काय होतं हे विचारायचंच नाही. 'वस्तुनिष्ठ निरीक्षकाला या खोडण्यात वंश हा एक घटक होता असं वाटू शकेल का', एवढंच. निरीक्षक म्हणजे नकळत आणि संस्थात्मक पूर्वग्रहांची जाण असलेला. उत्तर हो आलं तर खोडणं रद्द. वकिलाला खोटारडा ठरवावं लागत नाही, म्हणून न्यायाधीशाची जीभ अडत नाही. माझ्या मते गेल्या चाळीस वर्षांतली ही एकच खरी कल्पक दुरुस्ती.

दुसरं, नियमात आधीच अवैध मानलेल्या कारणांची यादी आहे: पोलिसांशी पूर्वी संबंध आला, पोलिसांवर अविश्वास, अटक झालेल्या कुणाशी जवळीक, गुन्हेगारी जास्त असलेल्या वस्तीत घर, लग्नाबाहेर मूल, सरकारी मदत, मातृभाषा इंग्रजी नसणं. बॅट्सनखाली हीच कारणं सर्रास 'निरपेक्ष' म्हणून चालायची. तिसरं, 'झोप काढत होता', 'नजर देत नव्हता' असली वर्तनाची कारणं द्यायची तर वेळीच न्यायाधीश आणि समोरच्या बाजूच्या लक्षात आणून द्यायची. दोघांपैकी कुणीच दुजोरा दिला नाही तर कारण बाद.

कॅलिफोर्नियानं हेच कायद्यानं आणलं, जानेवारी २०२२ पासून फौजदारीत. तिथं यादी आणखी लांब आहे आणि वंशाबरोबर लिंग, लैंगिक कल, धर्म हेही येतात.

शंकासुर

मग पेरेम्प्टरीच रद्द का नाही? न्या. थरगूड मार्शल यांनी बॅट्सनच्या निकालातच तसं लिहून ठेवलंय. ॲरिझोनानं जानेवारी २०२२ पासून केलंच. इंग्लंडनं १९४८ मध्ये संख्या ७ वर, १९७७ मध्ये ३ वर आणि १९८८च्या कायद्यानं शून्यावर आणली. तिथं ज्युरी बुडाली नाही.

बिनपगारी

इंग्लंडचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. सरकारपक्षाला 'बाजूला थांबा' म्हणायचा, म्हणजे कारण न देता उमेदवार मागे ठेवायचा अधिकार तिथं मर्यादित रूपात उरलाच. आरोपीचा हक्क गेला, सरकारचा राहिला.

बचाव पक्षाची अडचण अशी. उमेदवार म्हणतो, 'पोलीस खोटं बोलत नाहीत असं मला वाटतं.' वकील कारणासह हरकत घेतो. न्यायाधीश विचारतो, 'पण मी सांगितलेल्या कायद्याप्रमाणे निष्पक्ष निर्णय द्याल ना?' उमेदवार म्हणतो, 'हो.' हरकत फेटाळली. अशा वेळी आरोपीजवळ पेरेम्प्टरी एवढंच हत्यार असतं. ते काढून घ्यायचं तर आधी कारणासहची हरकत रुंद करा: असे होकार वदवून घेणारे प्रश्न बंद, शंका राहिली तर फायदा खोडण्याला, लेखी प्रश्नावली सक्तीची, आणि वकिलांना स्वतः प्रश्न विचारायला पुरेसा वेळ. कनेटिकटमध्ये प्रत्येक उमेदवाराला वेगळं बसवून विचारायचा हक्क राज्यघटनेतच आहे. दहा मिनिटांत चाळीस जणांना हात वर करायला सांगणं म्हणजे चौकशी नव्हे.

उत्तरेकडची

कॅनडात नेमकं उलट्या बाजूनं घडलं. २०१८ मध्ये सस्कॅचेवनच्या स्टॅन्ली खटल्यात दिसायला मूलनिवासी वाटणारे उमेदवार बचाव पक्षानं खोडले. मारला गेलेला तरुण, कोल्टन बूशी, मूलनिवासी होता, आरोपी सुटला. सप्टेंबर २०१९ पासून पेरेम्प्टरी दोन्ही बाजूंच्या रद्द. कारणासहच्या हरकतींचा निर्णय आधी दोन सामान्य नागरिक करायचे, तो न्यायाधीशाकडे गेला. चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा बदल वैध ठरवला.

पण @कलमकसाई यांचा मुद्दा तिथंही लागू पडतो. ऑन्टारिओत यादी मालमत्ता मूल्यांकनाच्या नोंदींतून व्हायची. ज्याचं नाव त्या नोंदींत नाही, तो बाहेर. नंतर आरोग्य कार्डाची यादी घेतली. खोडणं बंद केलं आणि यादी जुनीच ठेवली, तर फक्त गोऱ्या यादीतून यादृच्छिक गोरी ज्युरी निघते.

आकडेबहाद्दर

यादी परिपूर्ण असली तरी यादृच्छिकतेची मर्यादा सांगतो. १०% गटाचा एकही माणूस १२ जणांत नसण्याची शक्यता ०.९चा बारावा घात, म्हणजे २८%. सहा जणांची ज्युरी असेल तर ५३%. विल्यम्स विरुद्ध फ्लोरिडा (१९७०) नं सहा चालतात म्हटलं, बॅल्यू (१९७८) नं पाच चालत नाहीत म्हटलं. निवडीच्या सुधारणेत 'बारा म्हणजे बारा' हे कलम कुणी का घालत नाही कळत नाही. सगळ्यात स्वस्त उपाय तोच.

गोमाजी गणेश

मराठी संस्थळावर टिळकांचं नाव आलं नाही म्हणून आणतो. १९०८चा राजद्रोहाचा खटला, मुंबई हायकोर्ट, न्या. दावर. सरकारपक्षानं स्पेशल ज्युरी (निवडक प्रतिष्ठितांच्या वेगळ्या यादीतली) मागून घेतली. सात युरोपियन, दोन पारशी. लेख 'केसरी'तले, मराठीतले. ज्युरीपुढे त्यांचं इंग्रजी भाषांतर, आणि टिळकांनी स्वतःचा बचाव करताना त्या भाषांतरातल्या शब्दांवर तासन्‌तास खर्च केले. निकाल ७-२, सहा वर्षं. १८९७ मध्येही ६-३ होता.

 नऊ जणांत मराठी वाचक नसेल याची सोय यादीनंच केली होती.

तिसरी तारीख

उदाहरण चपखल. बहुमताचा मुद्दाही त्यातच आहे. एकमताची अट असती तर ते दोघे निकाल अडवू शकले असते. लुइझियानात १८९८च्या राज्यघटनेनं बहुमताचा निकाल आणला तो याचसाठी: काळा ज्युरर बसवावा लागला तरी त्याचं मत मोजावं लागू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या रामोस निकालानं (२०२०) एकमत सक्तीचं केलं. निवड सुधारून मतमोजणी तशीच ठेवली तर काही हाती लागत नाही.

शंकासुर

एक व्यवहाराचा प्रश्न. नियम ३७सारखी हरकत मान्य झाली, पुढे काय? त्या माणसाला परत बसवायचं? त्याला कळलं की अमक्या वकिलानं मला खोडलं होतं, तर?

तिसरी तारीख

म्हणून हरकत, कारण आणि युक्तिवाद हे सगळं उमेदवारांच्या कानाआड. खोडण्याचा कागद दोन्ही बाजूंनी न्यायाधीशाकडे गुपचूप द्यायचा, नाव मोठ्यानं वाचायचं नाही, आणि हरकतीचा निकाल लागेपर्यंत कुणालाही घरी पाठवायचं नाही. इथंच घोटाळा होतो: माणूस वाहनतळापर्यंत पोहोचलेला असतो आणि मग वकिलाला हरकत सुचते. कॅलिफोर्नियात त्यासाठी पर्याय आहेत: उमेदवार परत बसवणं, निवड नव्यानं सुरू करणं, शपथ झाली असल्यास खटला रद्द करून नवी ज्युरी, किंवा हरकत घेणाऱ्या बाजूला जास्तीचे पेरेम्प्टरी. माझी पसंती परत बसवण्याला. निवड नव्यानं सुरू करणं म्हणजे ज्याला यादी आवडली नाही त्याला बक्षीस.

आणि नोंदी. लघुलेखकाच्या उताऱ्यात माणसाचा वंश दिसत नाही. 'उमेदवार क्रमांक १४ खोडला' एवढंच वाचून अपील न्यायालय काय ठरवणार? उमेदवारानं स्वतः नोंदवलेला वंश आणि लिंग प्रश्नावलीत हवं. बसलेल्यांची आणि खोडलेल्यांची, दोघांच्याही प्रश्नावल्या अपीलाची मुदत संपेपर्यंत जपून ठेवायच्या, कारण तुलना दोघांची असते. फ्लॉवर्समधले ते १४५ आणि १२ मोजता आले ते प्रत्येक प्रश्न लिहिलेला होता म्हणून.

कलमकसाई

प्रश्नावल्यांचं कलम मसुद्यात घेतो. त्यात एक भर: समन्स परत आलेल्यांची आणि अडचणीचा अर्ज मंजूर झालेल्यांची यादीसुद्धा, झिप आणि कारणासह, तितकीच वर्षं. ड्युरेनच्या तिसऱ्या पायरीसाठी हाच कागद लागतो.